अनुभव कुणाचा आणि दाखला कुणाचा? : निविदेतील एका अटीविषयी

औशातील आमच्या वस्तीत एक समाजमंदिर आहे. दगडी जोते, त्यावर विटांच्या भिंती, वर काँक्रीटचे छत. दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून ते बांधले गेले. बांधणारा मुलगा माझा विद्यार्थी. स्थापत्याची पदविका घेऊन आलेला. नोकरी मिळाली नाही म्हणून एका गुत्तेदाराकडे राहिला आणि आठ वर्षे त्याची कामे पेटी कंत्राटाने करीत राहिला. सेंट्रिंग त्याने लावले, गवंडी त्याने आणले, मजुरांचा शनिवारचा पगार त्याने उसनवारी करून भागवला. फलकावर नाव गुत्तेदाराचे होते.

पुढे शेजारच्या एका गावी तशाच सभागृहाचे काम निघाले. या मुलाने प्रथमच स्वतःच्या नावाने निविदा भरली. दर सर्वांत कमी असेल, असा त्याचा हिशेब होता. पण दर उघडण्याची वेळच आली नाही. तांत्रिक लिफाफ्यातच त्याची निविदा बाद झाली. कारण एका ओळीचे होते : समान स्वरूपाच्या कामाचा अनुभव नाही. ज्याला काम मिळाले त्याने अनुभवाचा पुरावा म्हणून एक दाखला जोडला होता. तो आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराचा होता.

मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, काम मी केलं. दाखला त्यांचा. आता तुम्हीच सांगा, मला अनुभव आहे की नाही?"

मी भाषेचा शिक्षक. कायदा माझा विषय नव्हे. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, ही गोष्ट मला फार लागली. म्हणून निविदेच्या अटी वाचल्या, न्यायालयांचे निर्णय वाचले, जाणत्या वकिलांना विचारले. जे समजले ते आपल्या कार्यकर्त्यांना व शिकणाऱ्या मुलांना कळावे, यासाठी हा लेख.

१

सरकार काम देताना दोन गोष्टी पाहते. एक, माणूस काम करू शकेल काय. दुसरी, किती पैशांत करील. पहिल्या गोष्टीचा निकाल लागल्याशिवाय दुसरा लिफाफा उघडत नाहीत. पहिल्या लिफाफ्यात नोंदणी, उलाढाल, यंत्रसामग्री यांचे कागद असतात आणि त्यांत सर्वांत वजनदार कागद पूर्वानुभवाचा.

हा अनुभव मोजतात कसा? केंद्रीय दक्षता आयोगाच्या तांत्रिक परीक्षकांनी १७ डिसेंबर २००२ रोजी काढलेले एक परिपत्रक आहे. केंद्राच्या बांधकामांसाठी ते प्रमाण मानले गेले आणि इतरत्रही त्याच धर्तीच्या अटी दिसतात. त्यानुसार गेल्या ७ वर्षांत निविदाकाराने समान स्वरूपाची, अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन कामे, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचे एक काम पूर्ण केलेले असावे. शिवाय गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या निदान ३० टक्के असावी. म्हणजे ५० लाखांचे काम घ्यायचे तर २० लाखांची तीन, किंवा २५ लाखांची दोन, किंवा ४० लाखांचे एक काम आधी आपल्या नावावर हवे आणि वर्षाची उलाढाल सरासरी १५ लाखांची हवी.

याच्या जोडीला निविदा क्षमतेचे सूत्र असते. गेल्या पाच वर्षांपैकी ज्या वर्षी सर्वांत जास्त काम केले त्या वर्षाची रक्कम घ्यायची, तिला नव्या कामाच्या मुदतीने (वर्षांत) गुणायचे, पुन्हा दोनने गुणायचे (काही ठिकाणी दीडने वा अडीचने), आणि हाती असलेल्या कामाची रक्कम वजा करायची. उरेल तेवढी तुमची क्षमता. गणित सरळ आहे. पण ज्याच्या नावावर पहिली रक्कमच शून्य आहे, त्याने काय करायचे? शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते.

या अटी मूर्खपणाच्या आहेत, असे मी म्हणत नाही. पूल कोसळला तर त्याखाली गरिबाचेच लेकरू सापडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कशा पडल्या, हे आम्ही पाहिले आहे. त्यामुळे बांधणाऱ्याला बांधता येते की नाही, हे पाहिलेच पाहिजे. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण पाहतो ते बांधता येते की नाही हे, की नावावर कागद आहे की नाही हे? या दोन गोष्टी एकच आहेत, असे धरून सारी व्यवस्था चालते.

त्या एक कशा नाहीत, हे मराठवाड्याला समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आयाबायांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, रस्ते केले. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, त्याच्या आधीपासून ही कामे चालू होती. हजेरीपटावर त्यांचे अंगठे उमटले, पण हजेरीपट हा अनुभवाचा दाखला ठरत नाही. मिस्त्री, गवंडी, बिगारी, पेटी कंत्राटदार यांनी केलेले काम मोजमाप पुस्तिकेत लिहिले जाते ते मुख्य गुत्तेदाराच्या खात्यावर. करारात तर लेखी परवानगीवाचून पोटठेका द्यायला मनाईच असते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने आठ वर्षे जे केले ते कागदाच्या जगात घडलेलेच नाही. ज्याने नियम मोडून पोटठेका दिला त्याला दाखला मिळाला. ज्याने राबून काम उभे केले तो अनुभवशून्य ठरला.

२

मग न्यायालयात जाता येत नाही काय? जाता येते. पण न्यायालय काय पाहते आणि काय पाहत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर पैसाही जातो आणि उमेदही.

टाटा सेल्युलर खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने याची चौकट घालून दिली. न्यायालय निविदा समितीच्या डोक्यावरची दुसरी समिती नाही. कुणाचा अनुभव मोठा, कुणाचा लहान, याचे गुण न्यायालय पुन्हा देत बसत नाही. निर्णय कसा घेतला गेला, एवढेच ते पाहते : कायदा मोडला काय, पद्धत डावलली काय, कुणाही समंजस माणसाने घेतला नसता असा तो निर्णय आहे काय, त्यामागे कपट आहे काय.

या विषयावरचा मूळ खटला मात्र त्याआधीचा आणि मुंबईचा आहे. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण. निकाल ४ मे १९७९, लिहिणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती. मुंबई विमानतळावर दुसऱ्या श्रेणीचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे चालवायची होती. अट अशी, की निविदा भरणारा दुसऱ्या श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेल व्यावसायिक असावा आणि त्याला निदान ५ वर्षांचा अनुभव असावा. काम मिळाले ते कॅन्टीन चालवण्याचा सुमारे दहा वर्षांचा अनुभव असणाऱ्याला. त्याने देऊ केलेली रक्कम सर्वांत जास्त होती. प्राधिकरणाचे म्हणणे पडले, की ही अट कायद्याची नव्हे, आमच्या मार्गदर्शनापुरती आहे आणि माणूस अनुभवी आहे. न्यायालयाने ते मानले नाही. जी मोजपट्टी तुम्ही जाहीर केली तिनेच तुम्हाला मोजावे लागेल, असे सांगितले.

खरे सांगतो, हे वाचून मी आधी खवळलो. दहा वर्षे कॅन्टीन चालवणाऱ्या माणसाचा अनुभव कागदाच्या श्रेणीत बसत नाही म्हणून मोजायचा नाही, हे तर आमच्या मुलासारखेच झाले! पण पुढचा युक्तिवाद वाचला आणि थांबलो. न्यायालय म्हणते त्याचा आशय असा : ही अट वाचून कितीतरी माणसे घरीच बसली असतील. आपण श्रेणीत बसत नाही, मग अर्ज कशाला करायचा, असे त्यांना वाटले असेल. अट सैल होणार आहे हे त्यांना माहीत असते, तर तीही आली असती. म्हणून जाहिरातीत एक आणि प्रत्यक्षात दुसरे, असे करणे हा त्या न आलेल्या माणसांवर अन्याय आहे. संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदातली समानता दारात न आलेल्या माणसालाही लागू आहे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने हा विचार फार मोलाचा आहे. कारण आपण बहुतेक वेळा तेच, न आलेले लोक असतो. अट वाचून आपण परत फिरतो, आणि ज्याचा वशिला आहे त्याच्यासाठी तीच अट मागल्या दाराने सैल होते.

एवढे सांगून न्यायालयाने अर्जदाराला दिले काय? काहीच नाही. तो पाच महिन्यांहून अधिक उशिराने आला होता, तोवर काम मिळालेल्याने खर्च करून बसवाबसव केली होती, आणि अर्जदाराचे स्वतःचे खरे हितही त्यात दिसत नव्हते. तत्त्व जिंकले, पण अर्ज फेटाळला गेला.

दुसरा खटला आपल्या वीज मंडळाचा. खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या पाइपांच्या कामाची निविदा. ज्याला काम मिळाले त्या कंपनीकडे ठरवलेला अनुभव पुरता नव्हता. मंडळाने अट शिथिल केली होती. हरलेल्या कंपनीने तक्रार केली आणि मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. पण हरलेल्या कंपनीकडेही तो अनुभव पुरता नव्हता! रौनक इंटरनॅशनल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती उठवली. अट शिथिल करणे चूक असेल तर तुम्हीही बाद होता, मग तुमची तक्रार कसली, असा त्याचा सारांश. दरासोबत पूर्वीचा अनुभव, वेळेत काम पुरे करण्याची ताकद, या गोष्टीही सरकारने तोलायच्या असतात आणि काम अडवल्याने जनतेचे किती नुकसान होते तेही पाहायचे असते, असे न्यायालयाने सांगितले.

तिसरा नागपूर मेट्रोचा. एका चिनी व एका भारतीय कंपनीने मिळून निविदा भरली. अनुभव दाखवला तो शहरा-शहरांमधल्या वेगवान रेल्वेच्या पुलाचा. मेट्रो महामंडळाने सांगितले, आम्हाला मेट्रोच्या बांधकामाचा अनुभव हवा. हा तो नव्हे. उच्च न्यायालयाला हा अर्थ पटला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अ‍ॅफकॉन्स खटल्यात निकाल फिरवला. निविदा ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो. तो अर्थ न्यायालयाला पटला नाही एवढ्याने भागत नाही, त्यात कपट वा विपरीतपणा दिसला पाहिजे. म्हणजे 'समान काम' या दोन शब्दांचा अर्थ लावण्याचे बळ कार्यालयाच्या हाती आणखी पक्के झाले.

या तिन्हींसमोर एक चौथा निकाल ठेवतो. न्यू होरायझन्स खटला, १९९४. हैदराबादच्या दूरध्वनी निर्देशिकेचे काम होते. एका नव्या कंपनीला स्वतःच्या नावाचा अनुभव नाही म्हणून बाद केले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कंपनीच्या पडद्यामागे पाहा. तिच्यामागे उभ्या असलेल्या भागीदारांचा अनुभव हा तिचाच अनुभव. व्यवहारी माणूस असेच पाहील.

न्याय्य आहे. पण मग माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे पुन्हा या. मोठ्या कंपनीच्या बाबतीत पडदा सारून मागचा माणूस पाहता येतो. मग समाजमंदिराच्या दाखल्यामागचा माणूस का पाहता येत नाही? तेथे पडदा मागच्याला पुढे आणण्यासाठी सरकतो, येथे मागच्याला झाकण्यासाठी ओढला जातो.

३

यात आणखी एक गफलत आहे. पूर्वीची कामगिरी वाईट असणे आणि पूर्वीची कामगिरी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाईट कामगिरीबद्दल कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. एरुसियन इक्विपमेंटच्या निकालापासून (१९७४) हे ठरले आहे, की म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कुणालाही काळ्या यादीत टाकता येत नाही. कुलजा इंडस्ट्रीजच्या निकालात (२०१३) न्यायालयाने सांगितले, की बंदी अपराधाच्या प्रमाणात असावी, आयुष्यभराची नसावी. म्हणजे ज्याने काम बिघडवले त्याला नोटीस मिळते, खुलासा करता येतो, काही वर्षांनी परत येता येते. ज्याने काही बिघडवले नाही, पण ज्याला संधीच मिळाली नाही, त्याला यातले काहीच नाही. त्याची बंदी न सांगता सुरू होते आणि ती कधी संपेल हे कुणी ठरवलेले नसते.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या खरेदीसाठी १९९४ साली झालेल्या कायद्यात या गफलतीवर उपाय आहे. ज्याच्या पूर्वकामगिरीची काहीच नोंद नाही, त्याला त्या मुद्द्यावर अनुकूलही धरायचे नाही आणि प्रतिकूलही धरायचे नाही. नोंद नसणे हा दोष नाही. त्याला बाकीच्या गोष्टींवर जोखायचे. अमेरिकेतही विषमता आहे, हे मला ठाऊक आहे. पण एवढे साधे वाक्य आमच्या निविदापत्रात का येऊ नये?

४

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. केंद्रीय बांधकामे त्याच खात्याखाली येत. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडताना त्यांनी नोकऱ्या व शिक्षण यांबरोबर सरकारी ठेक्यांचाही प्रश्न घातला. आपण नोकऱ्यांचा मुद्दा धरून ठेवला, ठेक्यांचा सुटला. २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्याने तो पुन्हा चर्चेत आणला. २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांचे चेंबर, डिक्की, स्थापन झाले. त्याचे संस्थापक मिलिंद कांबळे आमच्याच लातूर जिल्ह्यातले, नांदेडला स्थापत्याची पदविका घेतलेले.

केंद्राने २३ मार्च २०१२ च्या आदेशाने सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायच्या खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवला. पुढे २०१६ मध्ये लहान उद्योगांना पूर्वानुभव व उलाढाल यांच्या अटींतून सूट देण्याची मुभाही आली. पण हे वस्तू व सेवा यांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाचे ठेके त्यात येत नाहीत. आणि आमच्याकडे शिकलेल्या मुलाला पहिला दरवाजा दिसतो तो बांधकामाचाच.

आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की कर्नाटकातला बीदर जिल्हा लागतो. तेथे ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत १७.१५ टक्के कामे अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी राखण्याचा कायदा झाला. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीवर नेली. महाराष्ट्रात सुशिक्षित बेरोजगार अभियंते व मजूर सहकारी संस्था यांना लहान कामे वाटून देण्याची पद्धत आहे. तिचा उपयोग आपल्या मुलांनी जरूर करावा. पण मजूर संस्थेचे सभासद खरोखर मजूर आहेत काय, हेही कार्यकर्त्यांनी एकदा आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे.

५

आता करायचे काय?

पहिले, पोटठेका करायचाच असेल तर कार्यालयाच्या लेखी परवानगीने करा, बिले बँकेतून घ्या, कराची नोंद ठेवा. वीस हजारांचे का होईना, पहिले काम स्वतःच्या नावावर घ्या आणि ते पुरे झाल्याचा दाखला त्याच महिन्यात मागा. दुसरे, अट अन्यायाची वाटली तर निविदा भरण्याआधी लेखी हरकत घ्या, निविदापूर्व बैठकीत बोला. निविदा भरून, हरून, मग अटीला नावे ठेवणाऱ्याचे न्यायालय सहसा ऐकत नाही. अट आधीच आव्हानित केली तर मात्र दार बंद नाही. शिवडी-न्हावा सागरी सेतूच्या निविदेवरील निकालात (२००७) स्पर्धेचे मैदान सर्वांना सारखे असावे, हे तत्त्व न्यायालयाने मांडले. २०२५ मध्ये छत्तीसगडातील शाळांच्या क्रीडासाहित्याच्या निविदेत, त्याच राज्याच्या सरकारी संस्थांना पूर्वी पुरवठा केलेला असावा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर रद्द केली. पूर्वानुभवाची अट अभेद्य नाही, याचा हा ताजा दाखला. तिसरे, बाद झालात तर कारण लेखी मागा आणि जिंकलेल्याचे अनुभवाचे दाखले माहितीच्या अधिकारात मिळवा. चौथे, उशीर करू नका. विमानतळाच्या खटल्यातले पाच महिने लक्षात ठेवा. कार्यारंभ आदेश निघून काँक्रीट पडू लागले की उच्च न्यायालयाच्या खंडपीठातही हाती फारसे लागत नाही.

आणि पाचवे काम एकट्या मुलाचे नाही, आपल्या सर्वांचे आहे. दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. नोंद नसणे हा दोष समजू नये, अशी तरतूद लहान कामांच्या निविदांत व्हावी. आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या मिस्त्रीचे, पेटी कंत्राटदाराचे नाव मोजमाप पुस्तिकेत यावे, म्हणजे दाखल्यावरही येईल. निदान आपल्या वस्त्यांच्या नावाने येणाऱ्या निधीच्या कामांत तरी याची सुरुवात झालीच पाहिजे.

त्या मुलाला मी अखेर उत्तर दिले. म्हटले, तुला अनुभव आहे. तो तुझ्या नावावर लिहिलेला नाही. कायद्याला लिहिलेलेच वाचता येते, म्हणून आता लिहून घ्यायला शिकायचे. तो काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने शेजारच्या एका शाळेच्या कुंपणभिंतीच्या दुरुस्तीचे लहानसे काम घेतले. या वेळी स्वतःच्या नावाने. ते संपल्यावर दाखला घेऊन आला आणि मला वाचून दाखवायला सांगितले. तो स्वतः वाचू शकत होता. पण मी मोठ्याने वाचला.